उणे एक सेकंद

बाई एकतीस वर्षं घरी फिजिक्स शिकवत होत्या. एकसमान त्वरणाची गणितं म्हणजे त्यांचा हातखंडा. वेळेची दोन उत्तरं आली की उणे असेल ते लाल पेनाने खोडायचं. तांदळातला खडा काढावा, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

खोडायला नकार देणारा पहिला विद्यार्थी म्हणजे रंगारी. वय अडतीस, इमारती रंगवायचा. सुपरवायझरच्या परीक्षेची ही त्याची शेवटची खेप.

गणित साधं होतं. पंधरा मीटर उंच गच्चीवरून, सेकंदाला दहा मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? उत्तरं दोन : तीन सेकंद आणि उणे एक.

"उणे एक खोड."

"का बाई? एक सेकंद आधी तो खालीच होता की. खालून कुणीतरी वीसच्या वेगाने फेकला, गच्चीपाशी येईस्तोवर दहाचा झाला. बरोबर बसतंय."

बसत होतं, हीच पंचाईत.

"आणि हा कुणीतरी कोण?"

"दादा. मी परांचीवर, तो खाली. फडकी, ब्रश, सगळं तोच वर भिरकावायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली."

"परीक्षकाला दादा चालत नाही. मार्क जातील, बढतीही जाईल. चल, दाखवते."

भर दुपारी दोघं बाईंच्या इमारतीच्या गच्चीवर गेले, तीही पंधराच मीटर उंच. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चेंडू बाईंच्या हातात, स्टॉपवॉच रंगाऱ्याच्या.

"फेकते हं" म्हणायच्या आत चेंडू बाईंच्या नाकासमोरून वर चालला होता. हात रिकामा, फेकल्याचं मात्र काही केल्या आठवेना. चेंडू वर थबकला, वळला, खाली गेला. धप्प.

स्टॉपवॉचवर चार सेकंद.

"बटण लवकर दाबलंस तू."

"खालून निघाला तेव्हाच दाबलं."

"वाऱ्यामुळे झालं असेल," बाई म्हणाल्या. हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं, तर त्यांनी भोपळा दिला असता.

निकाल लागला त्या आठवड्यात रंगारी आला. तसंच गणित पेपरात आलं होतं.

"खोडलंस का रे?"

"खोडलं, बाई. पास झालो. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

"मग तोंड का पाडलंयस?"

"पेपराच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा परांचीवर चढलो. फडकं मागितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच स्वतः उतरून आणावं लागलं."