धुतलेला सदरा

दादा गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ख्रिस्ती संघात ब्रदर होऊन तो परराज्यातल्या जंगलभागात वसतिगृहातली मुलं सांभाळायला गेला होता. सन एकोणीसशे नव्वद उलटून दोनेक वर्षं झाली होती. गळ्यातला क्रूस काढ आणि चालता हो, असं धमकावणारे एका सकाळी त्याच्या दारात आले. त्याने क्रूस काढला नाही की मुलांना सोडून हलला नाही. त्यांनी त्याला तिथेच मारलं. मातीही तिकडेच दिली. सांगलीत आमच्याकडे आलं ते एक पुडकं: त्याच्या अंगावरचा सदरा आणि आईच्या नावाचं पाकीट.

आई हळदीच्या पेठेत हळकुंडं निवडायची. तिला अक्षरओळख नव्हती. घरात वाचणारी मी एकटी, साताऱ्याच्या शाळेत पोरांना वाचायला शिकवणारी. पण मला दादाचा, फादर लोकांचा, देवाचासुद्धा इतका राग आला होता की मी ते पाकीट फोडलंच नाही. "सांत्वनाचं पत्र आहे," असं आईला ठोकून दिलं आणि ट्रंकेत तळाशी टाकलं.

मी साताऱ्याला परतले आणि आईने सदरा कृष्णेच्या घाटावर नेऊन धुतला. रक्ताचं कापड घरात ठेवू नये, एवढं तिला ठाऊक. तिचे हात कायम हळदीचे, आणि साबण लागला की हळद लाल होते. त्यामुळे फेस लालच येत राहिला. "रगत कुटलं नि हळद कुटली त्येच कळंना," ती मला नंतर म्हणाली, "हात सोलपटलं, तरी घासतच हुते." मग तिने वाकळ शिवली. मधोमध तो सदरा, भोवतीनं तिची जुनी लुगडी. तीच पांघरून ती झोपायची.

पाच-सहा वर्षांनी, मी सुट्टीला घरी असताना, दोन फादर आले. दादाला हुतात्मा मानून संतपद द्यावं का, याची चौकशी चर्चच्या धर्मप्रांताने सुरू केली होती. आई इतकी हरखली की चहात साखर दोनदा पडली. एका फादरांनी विचारलं, "सदरा तसाच जपलाय ना? हुतात्म्याच्या रक्ताची ती खूण, धुऊ नका, असं पत्रात कळवलं होतं."

आईने वाकळ आणून पुढ्यात ठेवली. "आवं फादर, म्या धुतला की." मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आता माज्यामुळं त्येला संत करनार न्हाईत व्हय?"

"तसं काही नाही, आई. पण पत्र मिळालं नव्हतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आलं हुतं," ती म्हणाली. "माज्याच हातनं हरवलं."

तिला सगळं कळलं होतं. जन्मात खोटं न बोललेली माझी आई पोराच्या संतपणाच्या चौकशीत माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी चिडीचूप बसले. जबानी लिहून झाल्यावर फादरांनी कागद माझ्याकडे दिला. "तुम्ही शिक्षिका, आईंना वाचून दाखवा." मी वाचलं. 'पत्र माझ्याकडून गहाळ झाले व सदरा मी अजाणतेपणी धुतला.' वर्गात वाचते तसं, खणखणीत.

"बरोबर हाय," आई म्हणाली आणि तिने तिचा पिवळा अंगठा शाईत बुडवला.

वाकळ तिने आपणहून देऊन टाकली. फादर गेल्यावर रिकाम्या बाजेवर बसून ती म्हणाली, "ट्रंकंतलं ते आता तरी वाच."

मी पाकीट फोडलं. सदऱ्याचं शेवटी दोन ओळींत होतं. त्याआधी लिहिलं होतं, की पडल्यावर थोडा वेळ त्याला शुद्ध होती. पोरं सांगतात, तो येशूचं नाव घेत होता आणि मधूनमधून आईला हाक मारत होता.

आईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मला ती धड वाचता आली नाही.