पाडव्याच्या सकाळी घेतलेली साक्ष

अन्याय झाला माझ्या अप्पांवर, गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या मिरचीच्या दुकानात. पूजा नुकतीच आटोपली होती आणि मी पेढे वाटत होते.

अप्पांना एम्फिसिमा आहे. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटल्यात. आत गेलेली हवा धड बाहेर पडत नाही. जन्मभराची मिरचीची धूळ आणि विडी, दोघींनी मिळून केलं. नवनगरातल्या एका क्लिनिकनं सांगितलं, 'ग्रोथ फॅक्टर'ची इंजेक्शनं घ्या, पिशव्या नव्यानं उगवतील. अप्पांनी घेतली. कोर्स संपला तरी घरचा जिना ते मध्ये बसून बसूनच चढत.

त्या सकाळी क्लिनिकचा माणूस हार घेऊन आला. व्हिडिओ चालू करून मोबाईल अप्पांच्या तोंडासमोर धरतो आणि कानडीत विचारतो, "हेंगदीरि अण्णा?" कसे आहात, एवढंच.

"आराम अदीनरी," अप्पा हसून म्हणाले. "छान फरक आहे."

दुसरं काय म्हणणार? आमच्या बाजारात पाडव्याला दुकानात कोणी रडगाणं गात नाही. त्या दिवशी कुणालाही विचारा, धंदा जोरात, तब्येत ठणठणीत. त्या माणसाला हे माहीत नव्हतं? याच गावचा तो! म्हणून तर तोच दिवस साधला.

व्हिडिओ गावभर फिरला. पलीकडच्या बोळातल्या कापडवाल्या अक्का दुकानात आल्या; त्यांच्या यजमानांना हेच दुखणं.

"अण्णा, तुमच्या शब्दावर इंजेक्शनं घ्यायला निघालोय. क्लिनिकवाले म्हणतात, आता श्वासाचा पंप बंद केला तरी चालतंय. करू ना?"

अप्पांनी तराजू पुसायला घेतला. मी तडकले, "बोला की अप्पा! गिऱ्हाईक नाहीत त्या!"

"थांब गं, पुढारीण." मग पोत्याला टेकून ते म्हणाले, "अक्का... सणाचं बोललो हो. मला काही... फरक नाही. पंप... सोडू देऊ नका."

तेवढं बोलताना लागलेली धाप बघून अक्कांनी तिथूनच यजमानांना फोन लावला.

व्हिडिओ काढा म्हणायला मी क्लिनिकात गेले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, वडील स्वतःच बोललेत ना?" अजून चालू आहे तो, त्यांच्या टीव्हीवर.

संशोधनाशी माझं भांडण नाही. ते होऊ दे, जोरात होऊ दे. पण या इंजेक्शनांनी माणसाचं फाटलेलं फुफ्फुस परत उगवतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. न झालेलं झालं म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

असला व्हिडिओ तुमच्या फोनवरही आला असेल. पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना आत्ता फोन लावा आणि सांगा: छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका.