साहेबांची घुरघुर

माझी आत्या घरीच पडदे शिवायची. खोलीभर कापड पसरलेलं, आणि त्यातल्या सगळ्यात भारी कापडावर तिचा बोका ऐसपैस लोळलेला. त्याचा रुबाब असा की सगळे त्याला साहेबच म्हणायचे.

त्या सकाळी मी तिच्याकडे गेले, तर साहेब कापडावर नव्हता. वाळूच्या ट्रेत बसला होता. उठायचा, कोपऱ्यात जायचा, परत येऊन बसायचा.

"पोट साफ होत नसेल," काका पेपरातून मान वर न करता म्हणाले. "माझंही होत नाही. मला कोण विचारतं?"

आत्या हसली, पण उठली. वाळू हलवून पाहिली, तर कोरडी ठणठणीत. खाणं तसंच पडलेलं. तिने त्याला उचललं. ओटीपोट चेंडूसारखं टणक लागलं. आणि मांडीवर येताच साहेब घुरघुरायला लागला.

"बघ, मजेत आहे स्वारी!" काका म्हणाले.

"अहो, मजेत असता तर खाण्याला तोंड लावलं नसतं का?" ती म्हणाली आणि त्याला टोपलीत घालून निघाली. मीही मागोमाग.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "लघवी तुंबलीय. बोक्यांची वाट अरुंद असते, बारीक खडाही पुरतो. बरं झालं लगेच आणलंत, नाहीतर जिवावर बेतलं असतं."

"पण हा तर घुरघुरतोय!" आत्या म्हणाली.

"दुखत असलं तरी मांजरं घुरघुरतात. स्वतःलाच धीर देत असावीत."

आत त्याला भूल देऊन नळी घालत होते, तोवर आत्या बाहेरच्या बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तळहात उघडाच, जणू त्याच्या घुरघुरीची थरथर अजून त्यात होती.

"एवढ्या कळा," शेवटी ती हळूच म्हणाली, "आणि हा स्वतःला थोपटत होता गं! कुणी शिकवलं असेल त्याला?"



काही दिवसांनी साहेब घरी आला, अशक्त पण मोकळा. आता त्याने भरपूर पाणी प्यायला हवं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा मशीन बंद होतं आणि आत्या जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"अगं, काय झालं?" काका घाबरून आतून आले.

"श्श! पाणी पितोय."

काका गुडघे धरत तिच्याशेजारी टेकले. साहेबांची इवलीशी जीभ लपलप चालली होती, आणि दोघं श्वास रोखून बघत होती.