शकुनवहिनींनी सुधारलेले चाळीस क्रमांक

अर्धीच मेथी निवडून झाली होती, तेवढ्यात शेजारच्या शकुनवहिनी रडतच आल्या. अकोल्यातल्या एका उर्दू शाळेत त्या नऊ वर्षांपासून कॉम्प्युटरवर याद्या करतात. उर्दू नाव उजवीकडून चालतं, आकडे डावीकडून. यंदा परीक्षेच्या फॉर्मवर मुलीचं नाव आणि तिचा नोंदणी क्रमांक, दोन्ही एकाच चौकटीत भरायचे होते. तसं भरलं की २४-३१७ चं पडद्यावर ३१७-२४ दिसतं. कॉम्प्युटरच्या आत मात्र बरोबरच असतं. वहिनींनी चाळीस क्रमांक हातानं उलटवले, आणि मग ते आतूनच चुकले. दहावीच्या मुलींचे चाळीस फॉर्म परत आले. परवा शेवटची तारीख.

“कावून हात लावला वो वहिनी?” मी विचारलं.

“मले वाटलं, मशीनच चुकून राहिली. मी नऊ वर्षांत चुकलीच नाई ना!”

त्या गेल्यावर मी देवापुढे दिवा लावला, पण मन लागेना. उद्या सकाळी वहिनी त्या मुलींच्या घरोघरी नव्या फॉर्मवर सह्या घ्यायला जाणार आहेत.