आक्काला विहिरीत ढकलणारी कथा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवीन. आम्ही तिला आक्का म्हणतो. देवळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर तिची शाळा सातवीत सुटली. माझी सुटू नये म्हणून ती कांदे निवडता निवडता माझ्याकडून रोज धडे म्हणवून घ्यायची. घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यात तिचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे.

मी नाशकात कॉलेजला गेलो त्याच वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. दोन वर्षं वाईट गेली. मग डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण त्यांच्यासोबत राहायचं तिने शिकून घेतलं. स्वयंपाक ती करायची, आणि विहिरीवरची मोटार चालू-बंद करणं हे तर तिचंच काम होतं. वीज आली की मोटारीच्या पेटीची चावी घेऊन निघायची. पिकाला पाणी आपल्या हातून जातं, याचा तिला अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरी लागल्यावर मी नाशकातल्या एका लेखकमंडळात जाऊ लागलो. दर रविवारी दहा-बारा जण जमायचे आणि मनोरुग्णांवरच्या कथांमधून समाजाची समज कशी वाढेल, यावर चहा पीत बोलायचे. अशा माणसाच्या पंगतीला त्यांतला एकही कधी बसला नसावा. "वेडाला स्वतःचं काव्य असतं," असं एक निवृत्त अधिकारी डोळे मिटून म्हणत. मला ते फार खोल वाटे. डोळे मिटून बोललं की काहीही खोल वाटतं.

मी आक्कावर कथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात ती गोळी घेते, गोळीने तोंडाला कोरड पडते म्हणून पाणी पिते, आणि मोटार चालू करायला जाते. मंडळाला ती बेचव लागली. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "शेवट थंड आहे. वाचक हलला पाहिजे." मग मी वाचक हलवला. तिचे केस मोकळे सोडले, भगत आणला, अमावास्या आणली आणि शेवटी तिला विहिरीत उडी मारायला लावली. आमच्या घरी भगत कधीच आला नव्हता. माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा मात्र आक्काला दिवसभर मळ्यात पाठवून दिलं होतं, आणि मी इस्त्रीचे कपडे घालून गप्प बसलो होतो. ते कथेत नव्हतं. कथेतले निर्दय लोक सगळे दुसरेच होते. कथेला बक्षीस मिळालं. समाजाची समज वाढवणारी कथा, असं परीक्षक म्हणाले.

मोठ्या कौतुकाने मी अंक घरी पाठवला.

संक्रांतीला गेलो तर मोटारीची चावी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, खिशात. आक्का खळ्यात लाल कांदा निवडत होती आणि आई जवळच पाळतीवर बसली होती. अंक घरी आल्यापासून विहिरीकडे जायला आक्काला बंदी झाली होती. आपल्या मनात असलं कधी आलंच नाही, हे तिने दहादा सांगून पाहिलं होतं. मीही अण्णांना सांगितलं की ती नुसती गोष्ट आहे, रचलेली. अण्णा ऐकेनात.

"तू शिकलेला," ते म्हणाले. "तिच्या मनातलं आम्हा अडाण्यांना काय कळतंय? तू उगाच छापशील का?"

माझं पदवीचं सर्टिफिकेट आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी टांगलेलं आहे. त्या काचेपुढे आक्काच्या बोलण्याला किंमत उरली नव्हती.

आक्काने कांद्यावरची नजर न काढता विचारलं, "भाऊ, मला हिरीत का ढकललं रे?"

मी बक्षिसाचं काहीतरी सांगू लागलो.

"मंग बक्षिसाला ढकलायचं. आन् मला पवता येतं. तुला कोणी शिकवलं पवायला?"

मला पोहायला तिनेच शिकवलं होतं. मी नाशकाला परतलो आणि तिला पत्र लिहिलं.

ती. आक्कास,

हे पत्र तुला आहे, अण्णांना नाही. पण त्यांच्यासमोर मोठ्याने वाच.

विहिरीत उडी मारणारी बाई मी रचली, कारण तिच्यावाचून माझी कथा कुणी छापली नसती. तुझ्या मनात काय चालतं ते मला कळत नाही. बी.ए.ला ते शिकवत नाहीत. तू सांगशील तेच खरं. अण्णा, शिकलेल्या माणसाचं लिहिणं खरं मानायचं असेल तर हे माना, आणि चावी तिला द्या.

मंडळात मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, साहित्यात असं चालतं. मी तिथे जाणं सोडलं. पाहुणे आले त्या दिवशी मी गप्प बसलो, त्याची माफी आजवर मागितली नव्हती, ती आता मागतो. यापुढे तुझ्याविषयीचा प्रत्येक कागद आधी तुझ्याकडे येईल. तू नको म्हणालीस तर तो चुलीत घाल.

चावीचं काय झालं ते तू स्वतः लिहून कळव. दुसऱ्या कोणाच्या हातचं उत्तर मी धरणार नाही.

तुझा भाऊ