बशीविना कप

दारूबंदीच्या वर्षांत कासारवाडी स्टेशनजवळ, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे, चोरून दारू प्यायची एक खोली होती. ती चालवणाऱ्या बाईला सगळे आक्का म्हणत. खोलीत एकच कंदील, आणि त्याची काजळलेली काच आक्का मुद्दाम पुसत नसे. दारू चहाच्या कपातून मिळे. रंग यावा म्हणून तीत चमचाभर कोरा चहा टाकलेला असे. पोलीस आलाच तर त्याला चहा पिणारी माणसं दिसावीत, अशी ती योजना होती. बशा मात्र आक्का देत नसे. फुटतात, म्हणायची.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला पिंपरीपासून देहूरोडपर्यंतच्या बातम्या पाठवत असे. बातम्या थोड्या आणि परतीच्या गाडीची वाट फार. त्या वेळात मी या खोलीत अनोळखी माणसांचे चेहरे टिपू लागलो. कॅमेरा जुना जर्मन होता, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. त्यामुळे मी फोटो काढतोय असं न वाटता, सदऱ्याचं बटण शोधतोय असं वाटे. उजेड इतका कमी की कॅमेरा बाकावर टेकवून, समोरचा माणूस निश्चल होईपर्यंत थांबावं लागे. पिणारा माणूस पहिल्या घोटाआधी निश्चल असतो. त्यानंतर थेट कुणी विनोद सांगितला आणि तो कळायचा बाकी असला, तरच.

आक्काची अट एकच होती. "डोकी घे, भिंती घेऊ नगंस. भिंत वळखून पोलीस येतो. डोकं वळखून कोन येतंय?"

ज्याचा फोटो त्याला नेऊन द्यायचा, हा माझा नियम. बहुतेक जण तो बघून खूश होत आणि लगेच फाडून टाकत.

एकानं फाडला नाही. तो साताऱ्याकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, लग्नाच्या वयाचा. त्यानं आधी पुण्याच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. मागे रंगवलेला राजवाडा, शेजारी फुलदाणी, तोंडावर पावडर. श्वास रोखायला सांगितलं, तो यानं जरा जास्तच रोखला. तो फोटो पाहून दोन घरांनी नकार कळवला होता. एका घरानं तर मुलगा अंथरुणाला खिळलाय का, अशी चौकशीही केली होती. माझ्या फोटोत मात्र तो ओठांशी कप धरून, मान किंचित मागे टाकून हसत होता. तो फोटो त्यानं आपल्या राहत्या खोलीतल्या आरशाच्या कडेला खोचून ठेवला.

एका संध्याकाळी त्यानं मला स्टेशनवरच गाठलं.

"राव, मामानं घोटाळा केला. आरशाला खोचलेला फोटो काढून नेऊन चाकणला एका घरी दावला."

"आणि सांगितलं काय?"

"कंपनीच्या कँटीनात च्या पितोय म्हनून."

"मग बिघडलं कुठं?"

"पसंत पडलाय, हितंच बिघडलंय! पोरीची आय म्हनली, नुसत्या च्यावर एवढा खूश ऱ्हातो, म्हंजी पोरगा समाधानी हाय. आन मी च्या पीत न्हाई, राव. पित्त हुतं. मामा म्हनतोय, ही सोयरीक मोडली तर पुन्यांदा हुंबरा झिजवनार न्हाई."

मुलगी बघायला त्यानं मलाही ओढून नेलं. चाकणच्या त्या घरी पाहुणे पुढच्या सोप्यात बसले. मुलगी खाली मान घालून चहा घेऊन आली. मामाला बशी, मला बशी, मुलीच्या वडिलांना बशी. नवऱ्या मुलापुढे नुसता कप.

"फोटूत तुमी बशीबिगर पिताय," मुलीची आई कौतुकानं म्हणाली. "कंपनीची रीत आसंल. म्हनलं, आपल्यातबी तसंच मिळू द्या."

गुळाचा, आल्याचा, चुलीवरून नुकता उतरलेला चहा. तो बशीत ओतून, फुंकून प्यायचा असतो, हे त्या सोप्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी फोटो मांडीवर काढून ठेवला आणि चेहरा ताडून बघायला सुरुवात केली. फिटरनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं.

त्यानं घोट घेतला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. तोंडातला चहा गिळता येईना आणि बाहेरही काढता येईना.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. त्याबरोबर मुलीला हसू फुटलं. ओठ दाबले तरी थांबेना. तिच्याकडे बघून त्यालाही आवरेना. चहा कसाबसा खाली उतरला आणि तो मोठ्यानं हसला. त्याच क्षणी मी खटका दाबला.

वडिलांनी मांडीवरचा फोटो बघितला, मग समोरचा माणूस. "व्हय," ते मामाला म्हणाले, "त्योच हाय."

लग्न झालं. सोप्यातला फोटो द्यायला मी त्यांच्या पिंपरीच्या खोलीवर गेलो. बायकोनं तो आरशाला खोचलेल्या फोटोशेजारी धरला.

"ह्यात वाफ दिसतीय," ती म्हणाली. "त्यात न्हाई. भावजी, गार च्या पिऊन कुनी एवढं हसतंय व्हय?"

मी सांगितलं की अंधारात वाफ फोटोत येत नाही. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

फिटर उठून बसला. "म्हंजी तुला तवाच कळलं हुतं?"

"मग! माझ्या आयला तुझी बशी काढून घ्यायला लावली कुनी?"

"आन तरी हो म्हनलीस?"

"एवढा कडत दिला. थुकला न्हाईस, का उठून गेला न्हाईस. म्हनलं, निभंल ह्यो."

आक्काकडे जाणं सुटलं का, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. ती चहा टाकायला उठली. चहा आला तेव्हा मला बशी होती. त्याला नव्हती. तो मुकाट्यानं फुंकत बसला.