पांढऱ्या खडकापुढे चाक

त्याला सगळे तवा म्हणायचे. रंगावरून नव्हे, तो चटकन तापायचा आणि तापला की निवायला संध्याकाळ व्हायची, म्हणून. डोंगरातल्या तळ्यांवर प्रवाशांना जीपनं न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. सकाळी पायथ्याशी चाकांतली निम्मी हवा सोडायची, म्हणजे टायर दगडांवर नीट बसतो, उडत नाही. संध्याकाळी हवेच्या दुकानात ती पुन्हा भरून घ्यायची. मधल्या वेळात तो प्रवाशांवर ओरडायचा. दार आपटू नका, हात बाहेर काढू नका, पाण्यात बाटल्या टाकू नका. लोक पैसे देऊन त्याची बोलणी खायचे आणि पुढच्या वर्षी नातेवाइकांना घेऊन परत यायचे.

त्याच्या रागाला कारणही होतं. खालच्या तळ्याचा उताराकडचा काठ म्हणजे नुसता ओल्या गवताचा पट्टा. गवताच्या मुळांनीच पाणी अडवून धरलेलं. जीपवाल्यांनी हौसेनं पाण्यापर्यंत गाड्या नेल्या. गवत फाटलं, चाकोऱ्या पडल्या आणि त्यांतून सगळं पाणी उतारानं निघून गेलं. आता तिथं भेगाळलेला चिखल आहे. वरच्या तळ्याचा काठही तसाच गवताचा, पण अजून शाबूत. तेव्हा तव्यानंच सगळ्या जीपवाल्यांना हवेच्या दुकानात गोळा केलं आणि नियम करून घेतला. वरच्या तळ्याअलीकडे पांढरा खडक आहे, तिथं गाडी थांबवायची, पुढे पायी. ज्याचं चाक खडकापुढे जाईल त्याची गाडी या वाटेवर बंद, मग तो सख्खा भाऊ का असेना.

भाऊ नाही, मेहुणा निघाला. बायकोचा धाकटा भाऊ. गाडी चालवायला तव्यानंच शिकवलेला. नवी हलकी जीप घेऊन तो वेगळा झाला आणि मोबाइलवर त्यानं जाहिरात टाकली, 'थेट पाण्यापर्यंत'. तव्यानं जेवताना जाब विचारला, तर म्हणतो कसा, जाहिरातीत सगळेच वाढवून लिहितात. बायको म्हणाली, लहान आहे हो, सांभाळून घ्या. लहान! त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते. तवा भरल्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जीपमध्ये एक निवृत्त जोडपं, त्यांची मुलगी आणि जावई होते. जावई दर वळणाला विचारायचा, अजून किती लांब. पांढऱ्या खडकाशी तव्यानं गाडी उभी केली, समोर पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुण्याची जीप पाण्याला लागून उभी होती, गाणी जोरात चालू होती, आणि तिच्या बॉनेटवर चढून दोन तरुण फोटो काढून घेत होते.

तव्यानं हॉर्न दाबून धरला. घसा फाटेपर्यंत ओरडला. गाण्यांच्या गोंगाटात मेहुण्याला वाटलं दाजी हाक मारताहेत. त्यानं हसून हात हलवला. त्या हसण्यानं तव्याचं उरलंसुरलं भान गेलं. चालत जाणं म्हणजे दोन ढांगांचं काम. पण ज्याचं सगळं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं, त्याला राग आला की पाय आठवत नाहीत. उतरायला निघालेल्या प्रवाशांना त्यानं खाली बसवलं, किल्ली फिरवली आणि गाडी सरळ गवतात घातली.

पाण्याच्या तोंडाशी मागची चाकं रुतली. तव्यानं चिडून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. शिकाऊ पोरांनी असं केलं तर तो त्यांचा कान पिळायचा. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला, गाडी पोटापर्यंत खाली बसली. मागून जावयानं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, हे पॅकेजमध्येच धरलंय का?

मेहुणा आपली जीप वळसा घालून खडकाशी घेऊन आला. त्यानं दोर बांधला आणि तव्याची गाडी मागं खडकाकडे ओढून काढली. गाडी निघाली, पण पाण्यापासून उतारापर्यंत एक लांब चर पाडून. त्या चरात तळ्याचं पाणी हळूहळू शिरू लागलं.

"तुझ्यामुळे झालं हे," तवा ओरडला. "चाक पुढे तू नेलंस."

"नेलं, दाजी. चुकलंच माझं. पण मी वळसा घालून दगडगोट्यांवरून गेलो होतो. गवतातून तुम्ही आलात."

तवा दगड आणा म्हणून सगळ्यांवर खेकसला. दुपारभर दोघांनी चर बुजवला. निवृत्त गृहस्थही वाकून दगड देत राहिले. जावई गाडीत बसून होता. पाणी कमी झालं, पण थांबलं नाही.

हवेच्या दुकानात बातमी आधीच पोचली होती, पण अर्धवट. तव्याची चिखलानं माखलेली जीप पाहून सगळ्यांनी समज करून घेतला की हा मेहुण्याला बाहेर काढायला गेला असणार. कुणीतरी म्हणालं, शेवटी घरचाच निघाला ना? मेहुणा खाली मान घालून उभा राहिला. तवा वाट पाहत होता, आता सांगेल, मग सांगेल. त्या मुकाट्यानं घेतलेल्या आळाचा त्याला दिवसातला सगळ्यात जास्त राग आला.

"तोंड शिवलंय का तुझं?" तो मेहुण्यावर कडाडला आणि सगळ्यांकडे वळला. "त्याचं चाक गोट्यांवर होतं. काठ मी फाडला. आमच्या दोघांच्याही गाड्या बंद करा."

कुणी समजुतीनं म्हणालं, तवा, रागाच्या भरात झालं, सोडून दे.

"खालचं तळं हौसेनं गेलं, वरचं रागानं जाईल. पाण्याला काय फरक पडतो?"

सकाळी बायकोनं ठरलेल्या प्रवाशांना फोन करून दुसरी गाडी बघायला सांगितलं. तवा पहाटेच खांद्यावर फावडं टाकून डोंगराकडे चालत निघाला होता, आणि वाटेत भेटेल त्याच्यावर ओरडत होता.